जुन्या रिव्हॉल्व्हरांचें साधनमूल्य व त्यांच्या परीक्षेची रीत

ऐतिहासिक साधनें म्हटलीं कीं दप्तरांचे रुमाल, ताम्रपट, शिलालेख, नाणीं आणि पोथ्या आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. शस्त्रांचीही गणना साधनांत होते. परंतु जुन्या घराण्यांतील शस्त्रें पाहतांना आम्हांस वारंवार असें आढळून आलें आहे कीं, तलवारीच्या पात्यावर कांहीं लेख आहे काय, एवढें मात्र आस्थेनें पाहिलें जातें, आणि शेजारीं पडलेलें रिव्हॉल्व्हर 'साहेबी वस्तु' म्हणून उपेक्षिलें जातें. अगर एखादी कुळकथा चिकटवून तें दिवाणखान्यांत मांडलें जातें. वास्तविक पाहतां ज्या वस्तूवर कर्त्याचें नांव, त्याचें गांव, पेटंटाचा उल्लेख, क्रमांक आणि तपासणीचे शिक्के इतका मजकूर उमटलेला असतो, अशी दुसरी घरगुती वस्तु क्वचितच सांपडेल. पोथीच्या पुष्पिकेंत लेखक इतकी माहिती देता तर आमचे निम्मे वाद मिटले असते.

म्हणून या लेखांत आम्हांस एकच गोष्ट प्रतिपादावयाची आहे. जुनें रिव्हॉल्व्हर हा लोखंडावर लिहिलेला कागद आहे. तो वाचल्यावांचून त्याविषयींची कथा मान्य करूं नये, आणि वाचण्यापूर्वीं तो घासूं नये. पोथ्यांचा संग्रह करणाऱ्यांस ही रीत अपरिचित नाहीं. फक्त लिपि निराळी आहे.

१. नांव व लक्षण

पिस्तूल हा शब्द आपल्या भाषेंत पोर्तुगीजांकडून आला. काडतूस हाही त्याच वाटेनें आलेला. रिव्हॉल्व्हर हा शब्द इंग्रजी असून त्याच्या मुळाशीं 'फिरविणें' या अर्थाचा लॅटिन धातु आहे; संस्कृतांतील वल् धातूशीं भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें जोडतात. नांवाप्रमाणेंच लक्षण आहे. नळी एकच, तिच्या मागें पांच अगर सहा कोठ्यांचें एक चक्र, घोडा चढविला अगर चाप ओढला कीं चक्र एका घरानें फिरतें आणि नवा भरलेला कोठा नळीसमोर येऊन उभा राहतो.

याच्या उलट, ज्यांत काडतुसांची पेटी मुठींत अगर चापापुढें असते व एक बार उडाल्याच्या जोरावरच पुढचें काडतूस नळींत चढतें, तें स्वयंभर पिस्तूल होय. बोलण्यांत या दोहोंची गल्लत फार होते. नाशिक येथें ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन याजवर जें शस्त्र चालविलें, तें ब्राउनिंग जातीचें स्वयंभर पिस्तूल होतें. लोकांच्या तोंडीं मात्र तेंही रिव्हॉल्व्हरच. व्यवहारांत हा भेद न पाळल्यानें बिघडत नाहीं. परंतु साधनांची परीक्षा करणारानें तो पाळलाच पाहिजे. कागदांत 'रिव्हॉल्व्हर' असा शब्द असून हातीं आलेली वस्तु स्वयंभर पिस्तूल असेल, तर कागद व वस्तु यांपैकीं कोण चुकलें, हा पहिला प्रश्न तेथेंच उभा राहतो.

२. रचनेचा क्रम

अक्षरवटिकेवरून लेखाचा काळ ठरवावयाचा तर अक्षरें कसकशीं बदललीं हें आधीं ठाऊक असावें लागतें. तसेंच येथें आहे. म्हणून रचनेतील मुख्य पायऱ्या सांगतों.

तोड्याच्या व गारेच्या बंदुका आपल्याकडील संग्राहकांस परिचित आहेतच. फिरत्या चक्राची कल्पना त्या काळींही होती. बोस्टनच्या एलिशा कॉलिअर यानें इ. स. १८१८ मध्यें गारेच्या रिव्हॉल्व्हरचें इंग्रजी पेटंट घेतलें व तीं लंडन येथें बनविलीं. परंतु चक्र हातानें फिरवावें लागे. पुढें ठिणगीच्या गारेऐवजीं आघातानें पेटणारी तांब्याची टोपी प्रचारांत आल्यावर मार्ग मोकळा झाला. सॅम्युएल कोल्ट यानें १८३५ मध्यें इंग्लंडांत आणि ता. २५ फेब्रुवारी १८३६ रोजीं अमेरिकेंत पेटंट मिळविलें. घोडा चढवितांच चक्र आपोआप फिरावें व नेमक्या जागीं अडकून घट्ट बसावें, ही त्याची युक्ति. न्यू जर्सीतील पॅटरसन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्यें बुडाला. १८४७ मध्यें कॅप्टन वॉकर याच्या सूचनेवरून बनविलेलें प्रचंड रिव्हॉल्व्हर, वजन साडेचार पौंडांहून अधिक, अवघीं सुमारें १,१०० निघालीं. पण तेथून कोल्टचें दैव फिरलें.

१८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत कोल्टची गांठ रॉबर्ट अॅडम्स या इंग्रज कारागिराशीं पडली. या दोघांच्या कृति शेजारीं ठेवून पाहाव्या. संग्राहकाच्या शिक्षणास याहून चांगला धडा नाहीं. कोल्टचा सांगाडा वरून उघडा असतो. नळी निराळी करून ती एका पाचरीनें आंसास जखडलेली असते. अॅडम्सचा सांगाडा व नळी एकाच लोखंडांतून घडविलेलीं असून चक्रावरून पट्टी गेलेली असते. कोल्टचा घोडा प्रत्येक बारास अंगठ्यानें चढवावा लागे, त्यामुळें नेम चांगला साधे. अॅडम्सचा चाप ओढला कीं घोडा आपोआप चढून पडे, त्यामुळें बार लवकर होई पण हात हाले. इ. स. १८५६ मध्यें लेफ्टनंट बोमॉन्ट यानें दोन्ही रीति एकाच यंत्रांत साधल्या. अशा रीतीनें अॅडम्सच्या सांगाड्यावर घोड्याला अंगठ्याचा टेकू दिसतो कीं नाहीं, एवढ्यावरून मूळ रचना १८५६ च्या आधींची कीं नंतरची याचें अनुमान बांधतां येतें. १८५७ च्या धामधुमींत हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांजवळ या दोन्ही जातींचीं रिव्हॉल्व्हरें होतीं.

आतांपर्यंतच्या रिव्हॉल्व्हरांत दारू व गोळी कोठ्याच्या पुढच्या तोंडानें ठासावी लागे आणि मागच्या बोंडीवर टोपी बसवावी लागे. पितळी काडतूस मागून घालावयाचें तर कोठा आरपार पाहिजे. त्याचें अमेरिकन पेटंट रोलिन व्हाइट यानें १८५५ मध्यें घेतलें. तें वापरण्याचा हक्क स्मिथ व वेसन यांनीं मिळविला व १८५७ मध्यें आपलें पहिलें रिव्हॉल्व्हर काढलें. १८६९ मध्यें तें पेटंट संपेपर्यंत अमेरिकेंतील इतर कारखान्यांस हा मार्ग बंद होता. पुढें इंग्लंडांत बर्मिंगहॅमच्या वेब्ली यांचें नळी खालीं मोडून उघडणारें रिव्हॉल्व्हर १८८७ मध्यें ब्रिटिश सैन्यानें स्वीकारलें. त्याचाच सहावा नमुना १९१५ चा. चक्र बाजूस झुलून उघडणारी रीत कोल्टनें १८८९ मध्यें प्रचारांत आणली.

एवढी वंशावळ ध्यानांत असली म्हणजे काळाची पूर्वसीमा ठरवितां येते. उत्तरसीमा ठरविणें कठीण, कारण जुना नमुना नव्या काळांतही बनतो. पण नवी युक्ति जुन्या काळांत बनत नाहीं.

३. शिक्क्यांचें वाचन

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द हीं प्रमाणें सांगितलीं आहेत. रचना हें अनुमानाचें क्षेत्र. घरांत सांगितली जाणारी हकीकत हें शब्दप्रमाण. आणि लोखंडावरचे शिक्के हें प्रत्यक्ष. म्हणून त्यांचा विचार स्वतंत्र केला पाहिजे.

युरोपांत नवी नळी विकण्यापूर्वीं नेहमींहून अधिक दारू भरून तिची परीक्षा घेत व ती टिकल्यास तीवर शिक्का मारीत. लंडनच्या बंदूककारांच्या संघास १६३७ मध्यें सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालें. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुट व त्याखालीं 'जी. पी.' हीं गुंफलेलीं अक्षरें, आणि पाहणीचा मुकुटाखालीं 'व्ही.'. बर्मिंगहॅमचा जुना शिक्का म्हणजे मुकुट व तिरपे एकमेकांवर ठेवलेले दोन राजदंड. बेल्जममधील लिएज शहराचा शिक्का लंबवर्तुळांत 'ई. एल्. जी.' व खालीं तारा असा. १८९३ पासून त्यावर मुकुट आला. धूररहित दारूची परीक्षा झाल्याचा 'एन्. पी.' हा इंग्रजी शिक्का १९०४ च्या नियमांनीं सुरू झाला. अमेरिकेंत सरकारी परीक्षेची सक्ति नव्हती.

या कोरड्या माहितीचा उपयोग पाहा. १८५१ च्या नमुन्याचें एक कोल्ट हातीं आलें. नळीवरील पत्ता न्यूयॉर्कचा, पण नळीवर व चक्रावर लंडनच्या परीक्षेचे शिक्के. म्हणजे वस्तु अमेरिकेंत घडली, इंग्लंडांत उतरली व तेथून पुढें निघाली. पत्ता 'कर्नल कोल्ट, लंडन' असा असेल, तर ती कोल्टनें लंडनला १८५३ पासून १८५६ पर्यंत चालविलेल्या कारखान्यांतील. तेथें त्या नमुन्याचीं सुमारें ४२,००० निघालीं. पत्ता कोल्टचा आणि शिक्का लिएजचा असेल, तर ती बेल्जममधील परवान्याची अगर बिनपरवान्याची नक्कल. तीन ओळींचा मजकूर, आणि तीन खंडांतील प्रवास.

यांत विक्रेत्याच्या नांवाची भर पडते. कलकत्ता, मुंबई येथील बड्या दुकानदारांचीं नांवें नळीच्या माथ्यावर कोरलेलीं आढळतात. तें नांव कर्त्याचें नव्हे, विकणाराचें, हें विसरूं नये. पोथी विकणारा पोथीचा लेखक नसतो. सरकारी मालावर रुंद बाणाचें चिन्ह असतें, त्याखालीं 'आय.' हें अक्षर असल्यास ती वस्तु हिंदुस्थान सरकारच्या मालकीची होती असें समजावें.

४. क्रमांकाचें महत्त्व

शिक्क्यांवरून जात कळते. व्यक्ति कळते ती क्रमांकावरून. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत तोच क्रमांक नळी, सांगाडा, चापाचें कडें, मुठीची पट्टी व चक्र यांवर आणि पुष्कळदां पाचरीवरही असतो. सर्व क्रमांक जुळले तर प्रत अखंड आहे. चक्राचा क्रमांक निराळा निघाला तर दोन पोथ्यांचीं पानें एका बासनांत बांधलीं गेलीं आहेत, असें जाणावें. तेवढ्यानें वस्तु निरुपयोगी होत नाहीं. रणांगणावर एकाचें चक्र दुसऱ्यास बसविल्याचें उदाहरण असूं शकेल. परंतु टिपणांत तें नमूद झालेंच पाहिजे.

क्रमांकाच्या बळावर इतिहास कसा उभा राहतो याचीं दोन उदाहरणें आपल्याच देशांतलीं आहेत; दोन्ही स्वयंभर पिस्तुलांचीं असलीं तरी न्याय एकच. कलकत्त्याच्या रॉडा कंपनीच्या मालांतून ता. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं क्रांतिकारकांनीं ५० माउझर पिस्तुलें व ४६,००० काडतुसें लांबविलीं. प्रत्येक पिस्तुलावर कारखान्याचा क्रमांक होता व त्याची नोंद कंपनीजवळ होती. म्हणून पुढें बंगालभर जीं पिस्तुलें सांपडलीं तीं याच पन्नासांतलीं, हें सरकारास सांगतां आलें. दुसरें उदाहरण याहून बोलकें आहे. ता. १७ डिसेंबर १९२८ च्या लाहोर येथील सॉन्डर्स-वधांत भगतसिंगांनीं वापरलेलें कोल्ट पिस्तूल कित्येक वर्षें इंदूर येथें सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहांत इतर शस्त्रांच्या रांगेंत अनाम पडून होतें. गंज चढूं नये म्हणून शस्त्रांवर रंग दिलेला होता. २०१६ च्या सुमारास तो रंग काढल्यावर खालचा क्रमांक दिसला. खटल्याच्या कागदांतील क्रमांकाशीं तो जुळला, आणि पिस्तुलास त्याचें नांव परत मिळालें. तें पुढें पंजाबांतील हुसैनीवाला येथील संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. रंगाऐवजीं कोणी कानस फिरविली असती तर? क्रमांक गेला असता, आणि त्याबरोबर प्रमाणही.

५. प्रक्षेप, नक्कल व बनावट

ग्रंथांत जसे प्रक्षेप तसे शस्त्रांतही असतात, आणि सर्वच प्रक्षेप निंद्य नसतात. काडतुसांचा काळ आल्यावर कोल्ट कारखान्यानेंच आपलीं जुनीं टोपीचीं रिव्हॉल्व्हरें १८७१ पासून काडतुसाच्या सोयीचीं करून दिलीं. हें जुन्या हातानें मजकुरांत केलेलें पुरवणीलेखन होय. तें स्वतःच इतिहासाचा भाग आहे. असें परिवर्तित रिव्हॉल्व्हर 'मूळ स्वरूपांत' आणण्याचा खटाटोप करणारा संग्राहक एक खरें साधन मोडून एक खोटें साधन तयार करितो.

दुसरा प्रकार देशी नकलेचा. पेशावरच्या दक्षिणेस दर्रा आदमखेल येथें लोहार लोक हातानें वेब्लीसारख्या नमुन्यांच्या हुबेहूब नकला करीत आले आहेत. त्यांची परीक्षा फार सोपी आहे. हात कुशल, पण लिपीचें ज्ञान नाहीं. त्यामुळें रोमन अक्षरें उलटीं पडतात, शब्दांतील वर्ण गळतात, मुकुटाचा नुसता ठिपक्यांचा झुबका होतो. अर्थ न कळतां संस्कृत पोथी उतरणाऱ्या लेखकाच्या चुका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस ही जात पाहतांक्षणीं ओळखूं येईल. अशी नकलही जपून ठेवावी, परंतु तिच्या खऱ्या नांवानें.

तिसरा प्रकार मात्र घातक. इटलींत ब्रेशिया प्रांतांतील कारखान्यांनीं १९५८ च्या सुमारापासून जुन्या कोल्टच्या प्रतिकृति करावयास आरंभ केला. त्या प्रामाणिक आहेत. त्यांवर इटलीचे परीक्षाशिक्के व सालाची खूण असते. अप्रामाणिक असतो तो मधला मनुष्य, जो ते शिक्के घासून टाकतो, वस्तु आम्लांत बुडवून तीवर कृत्रिम गंज आणतो व ती 'संस्थानिकांच्या खजिन्यांतील' म्हणून विकतो. खऱ्या जुनेपणांत झीज हाताच्या वापराप्रमाणें असते : मुठीच्या कडा, घोड्याचा अंगठा, नळीचें तोंड हीं आधीं झिजतात, आणि स्क्रूच्या खांचा, चापामागील कोनाकोपरे यांत मूळची निळी झांक अगर भट्टींतल्या कोळशानें आलेली रंगीबेरंगी छटा टिकून राहते. कृत्रिम गंजांत सर्वत्र एकच कळा असते. जेथें कोणाचाही हात पोंचत नाहीं ती जागाही जर तितकीच झिजलेली असेल, तर संशय घ्यावा.

६. कुळकथा व कागद

आतां शब्दप्रमाणाकडे वळूं. आमच्या पाहण्यांत आलेलें एक उदाहरण देतों. घराण्याचें नांव त्यांच्या इच्छेवरून देत नाहीं. देवघराशेजारच्या कपाटांत एक रिव्हॉल्व्हर होतें. घरांतील पूर्वज १८५७ मध्यें इंग्रजांविरुद्ध उठले व हें त्यांचें शस्त्र, अशी परंपरा. दरवर्षीं खंडेनवमीस त्याची पूजा होई व मुलांस ती हकीकत सांगितली जाई. पाहतां तें नळी मोडून उघडणाऱ्या जातीचें बर्मिंगहॅमचें रिव्हॉल्व्हर निघालें. कोठे आरपार, आणि नळीवर 'एन्. पी.' शिक्का. म्हणजे १९०४ च्या पूर्वींचें तें असूंच शकत नव्हतें.

येथें पुष्कळ परीक्षक 'कथा खोटी' असा शेरा मारून मोकळे होतात. तें बरोबर नव्हे. वस्तु त्या काळची नाहीं, एवढेंच सिद्ध झालें; पूर्वज उठले नव्हते, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. म्हणून आम्हीं घरांतील रुमाल पाहण्याची परवानगी मागितली. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर हिंदी मनुष्यास बंदूक-पिस्तूल बाळगण्यास परवाना लागे, व परवान्यांत शस्त्राचें वर्णन असे. महसुलाच्या पावत्यांच्या एका गठ्ठ्यांत पहिल्या महायुद्धाच्या काळचा असा एक परवाना निघाला. त्यांतील क्रमांक रिव्हॉल्व्हरवरील क्रमांकाशीं अंकाअंकानें जुळला. परवाना त्या पूर्वजांच्या नातवाच्या नांवें होता, आणि सोबतच्या पत्रांत सैन्यभरतीच्या कामीं केलेल्या सरकारच्या सेवेबद्दल समाधान व्यक्त केलें होतें.

जें शस्त्र बंडाचें म्हणून पूजिलें जात होतें, तें राजनिष्ठेबद्दलची मेहेरबानी निघालें. घरांतील वडीलधारी मंडळी बराच वेळ कांहीं बोललीं नाहींत. अखेर यजमानांनीं एवढेंच विचारलें, "मग आजोबांच्या आजोबांचें हत्यार गेलें कोठें?" हा प्रश्न इतिहासाचा होता, आणि त्याचें उत्तरही साधनांतच शोधलें पाहिजे. १८५७ नंतर ठिकठिकाणीं हत्यारें काढून घेण्यांत आलीं. मूळ शस्त्र त्या वेळीं सरकारांत जमा झालें असेल, आणि पुढें घरांत दुसरें शस्त्र आल्यावर निराश्रित झालेली कथा त्याच्या आश्रयास गेली असेल. हें अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे. सिद्ध झालें तें इतकेंच कीं, कथा व वस्तु यांची गांठ मागाहून बसली. यजमानांनीं परवाना व रिव्हॉल्व्हर एकत्र ठेविलें आणि कथा स्वतंत्र लिहून ठेविली. याहून शहाणपणाचा निर्णय आम्हांस सुचविता आला नसता. एकाच घरांत आजा उठतो व नातू सरकारची चाकरी करितो, ही गोष्ट लपविण्याजोगी नाहीं. समजून घेण्याजोगी आहे.

यावरून हस्तलिखितांच्या संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, रुमाल चाळतांना परवाने, हत्यारांच्या याद्या, दुकानदारांचीं बिलें व जप्तीचे पंचनामे टाकाऊ समजून बाजूस सारूं नयेत. तो अंक आज निरर्थक वाटेल. उद्यां कोठल्या तरी लोखंडावर त्याचा जोडीदार सांपडेल.

७. जतन

सर्वांत आधीं जिवाची काळजी. कोणतेंही जुनें रिव्हॉल्व्हर भरलेलें आहे असेंच समजावें. टोपीच्या रिव्हॉल्व्हरांत पुढून ठासलेली दारू कोरडी राहिली तर शेंदीडशें वर्षांनींही पेट घेऊं शकते, आणि भरलेला कोठा बाहेरून चटकन् ओळखूं येत नाहीं. शंका असल्यास घोड्यास हात न लावतां परवानाधारक कारागिराकडून तें तपासून घ्यावें. नळींत डोकावून पाहण्याचा मोह टाळावा.

यानंतर वस्तूची काळजी. चिंच, लिंबू, राख, विटकरीचा भुगा आणि पॉलिशचा कागद हे देवांच्या उपकरणीस कितीही उपकारक असले, तरी शस्त्रावरील लेखाचे ते शत्रु होत. कोल्टच्या चक्रावर रुळानें दाबून उमटविलेलें चित्र असतें; १८५१ च्या नमुन्यावर तें १८४३ च्या कँपेची येथील आरमारी लढाईचें आहे. त्याची खोली इतकी थोडी असते कीं, दोन-चार दसऱ्यांच्या घासणींत जहाजें बुडून जातात. घासलेल्या वस्तूच्या कडा बोथट होतात, अक्षरें उथळ होतात, स्क्रूभोंवतीं खळगे पडतात. ती चकाकते, परंतु मुकी होते.

पूजेस आमचा विरोध नाहीं. शस्त्रपूजा अवश्य करावी. मात्र ओलें गंध व कुंकू लोखंडावर थेट न लावतां खालच्या पाटास अगर वस्त्रास लावावें, फुलें त्याच सायंकाळीं काढावीं, आणि कोरड्या मऊ फडक्यानें पुसून तेलाचा अगदीं पातळ हात फिरवावा. चामड्याच्या म्यानांत शस्त्र ठेवूं नये; चामडें ओल धरतें व त्यांतील क्षारांनीं लोखंड खातें. म्यान मूळचें असेल तर शेजारीं, पण निराळें ठेवावें. उघड्या बोटांचा घामही ठसा उमटवितो. सुती हातमोजे वापरावे. लाल गंज वाढत असेल तर त्या विषयांतील जाणत्यास दाखवावें, घरीं प्रयोग करूं नये.

८. कायद्याविषयीं दोन शब्द

हल्लीं १९५९ चा हत्यारांचा कायदा लागू आहे. त्याच्या ४५ व्या कलमांत जुन्या ठेवणीच्या अगर पुराणवस्तु म्हणून मोल असलेल्या शस्त्रास सूट आहे खरी. परंतु तें दुरुस्तीनें अगर दुरुस्तीवांचून बंदूक म्हणून वापरतां येण्याजोगें नसावें, ही अट तेथेंच आहे. केवळ जुनें आहे म्हणून परवाना लागत नाहीं, ही समजूत चुकीची व धोक्याची आहे. निर्णय संग्राहकानें स्वतः न करितां जिल्ह्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यावा. सूट मिळावी म्हणून मात्र नळी कापणें, चक्र वितळजोडानें बंद करणें असे उपाय परस्पर करूं नयेत. त्यानें कायदाही साधत नाहीं आणि साधनही जातें. शिवाय शंभर वर्षांवरील अशा वस्तूस १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागू होऊं शकतो. ती परदेशीं पाठविण्यास खासगी मनुष्यास मोकळीक नाहीं. हस्तलिखितांस हीच मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

९. टिपणाची पद्धति

शेवटीं, हातीं आलेल्या रिव्हॉल्व्हरचें टिपण कसें करावें तें सांगतों. प्रथम नळीची लांबी व तोंडाचा व्यास मिलिमीटरांत घ्यावा. कोठे किती, नळींतील आंटे किती व ते उजवीकडे वळतात कीं डावीकडे, हें लिहावें. हें सर्व शस्त्र रिकामें असल्याची खात्री झाल्यावर व तें उघडून करावें. मग प्रत्येक लेख जसा आहे तसा, चुकीच्या अक्षरांसह व ओळींच्या मोडणीसह उतरावा आणि तो कोणत्या अंगावर आहे तें नोंदवावें. चूक सुधारून लिहूं नये. प्रत्येक भागावरचा क्रमांक निरनिराळा द्यावा. फिकट झालेल्या शिक्क्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनें हलका ठसा घ्यावा. ताम्रपटाचा ठसा घेणाऱ्यांस ही क्रिया शिकवावयास नको. परंपरागत हकीकत निराळ्या परिच्छेदांत, सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावी व आपलें अनुमान तिच्यांत मिसळूं नये. अखेर, घरांत शस्त्रासंबंधीं कोणते कागद आहेत त्यांची यादी जोडावी.

अशीं शंभर टिपणें एकत्र झालीं, तर कोणत्या जातीचें शस्त्र महाराष्ट्राच्या कोणत्या भागांत केव्हां व कोणत्या दुकानाच्या मार्फत आलें, परवाने कोणास मिळाले व कोणास नाकारले गेले, यासंबंधीं आज जें केवळ तर्कानें बोलावें लागतें तें आधारानें बोलतां येईल. शस्त्राची किंमत बाजारांत काय येते, हा प्रश्न आम्हीं मुद्दामच घेतला नाहीं. तो सांगणारे पुष्कळ आहेत. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अगर परिचयांत असें एखादें रिव्हॉल्व्हर असेल, त्यांनीं या दसऱ्यास तें घासण्यापूर्वीं भिंग घेऊन एकवार वाचावें, आणि वाचलें तें लिहून ठेवावें.